शब्द तोच, सूर वेगळा

बालमित्रांनो, आज एक अगदी साधा शब्द घेऊ या. 'बरं.' दोनच अक्षरं!

तुम्ही खेळायला निघालात आणि आई म्हणाली, "आधी दुकानातून साखर घेऊन ये." तुम्ही म्हणालात, "बरं." बाबा म्हणाले, "रविवारी सर्कशीला जाऊ." तुम्ही म्हणालात, "बरं!" कालच जिच्याशी कडाक्याचं भांडण झालं ती मैत्रीण म्हणाली, "उद्या मी तुझ्याबरोबर शाळेत येणार नाही." तेव्हाही तुम्ही म्हणालात, "बरं."

शब्दकोश उघडलात तर तिथे या तीन 'बरं'मधला फरक सापडणार नाही. पण पहिल्यात कंटाळा आहे, दुसऱ्यात आनंद आहे आणि तिसऱ्यात, खरं सांगा, थोडंसं रडू आहे. हा फरक ऐकणाऱ्याला कसा कळतो? सुरावरून. "कोणत्या सुरात बोलतोयस माझ्याशी?" हे वाक्य घरी एकदाही ऐकलं नाही असा मुलगा मला तरी अजून भेटलेला नाही!

समोर माणूस असला की सूर ओळखणं सोपं असतं. आवाज असतो, डोळे असतात, भुवया असतात. पण पुस्तकाच्या पानाला ना आवाज, ना भुवया. तरीही काही पानं वाचताना आपण खुदकन हसतो, काही वाचताना घसा दाटून येतो. तिथे सूर कुठे लपलेला असतो, तो शोधायचा कसा, हेच आज पाहायचं आहे.

त्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. लिहिणारा ज्या पद्धतीने बोलतो, तो त्याचा 'सूर'. वाचून झाल्यावर आपल्या मनात जे उतरतं, रेंगाळतं, तो 'भाव'. सूर लेखकाचा, भाव आपल्या मनातला. आपल्या पूर्वजांनी याचा फार बारकाईने विचार केला होता. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त शृंगार, हास्य, करुण, वीर असे आठ रस सांगितले आहेत. शांत हा नववा रस नंतर मानला गेला. पण नुसती नावं पाठ करून रस कळत नाही, तसंच हे आहे. नमुना हातात घेऊन पाहायला हवा.

नमुना आमच्या मोहन्याचाच घेऊ. मोहने म्हणजे कल्याणजवळचं, आंबिवली स्टेशनला लागून असलेलं, उल्हास नदीकाठचं गाव. शहरासाठी इथल्या नदीतून पाणी उचलतात. या नदीत अलीकडे जलपर्णी माजते. पात्र हिरवंगार होतं आणि पाणी दिसेनासं होतं. आता ही एकच गोष्ट तीन जण लिहितात, असं समजा.

पहिला लिहितो : 'मोहने येथे उल्हास नदीच्या पात्रात जलपर्णी वाढली आहे.'

दुसरा लिहितो : 'आमच्या नदीबाईंनी यंदा पुन्हा हिरवा शालू नेसला आहे. शालू इतका घट्ट, की बाईंना श्वासही घेता येईना!'

तिसरा लिहितो : 'आजोबा जिथे पोहायला शिकले, त्या जागी मी खडा टाकला. पाण्याचा आवाज आला नाही.'

बातमी तिन्हीत एकच आहे. पहिल्याचा सूर कोरडा, कारण त्याचं काम फक्त कळवण्याचं आहे. दुसरा थट्टा करतोय, पण त्या थट्टेच्या आत राग आहे. तिसऱ्यात 'दुःख', 'वाईट', 'अरेरे' असा एकही शब्द नाही. तरी मन चुटपुटतं की नाही? हे पक्कं लक्षात ठेवा. दुःखाचा भाव आणायला दुःख हा शब्द लागत नाही. चांगला लेखक तो शब्द बहुधा टाळतोच.

सूर शोधण्याची पहिली खूण म्हणजे लेखकाने निवडलेले शब्द. 'वाढली' म्हटलं की 'माजली', 'घर' म्हटलं की 'खुराडं', 'म्हातारा' म्हटलं की 'आजोबा', हे पाहायचं. दुसरी खूण वाक्यांची चाल. तुटक वाक्यं धावतात, लांब वाक्यं रेंगाळतात. आणि तिसरी खूण सगळ्यात अवघड : लेखकाने काय लिहिलेलं नाही!

ही तिसरी खूण मला कुणा प्राध्यापकाने शिकवली नाही. आमच्या चाळीतल्या एका आजीने शिकवली. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं.

तेव्हा मोबाइल नव्हते आणि चाळीत टेलिफोनही नव्हता. मोहन्यात रेयॉनचा मोठा कारखाना होता (२००९ साली तो बंद पडला). गावोगावची माणसं पोटापाण्यासाठी इथे आलेली. आजीही मुलाबरोबर सातारा जिल्ह्यातून आलेल्या. गावी त्यांचा एक म्हातारा भाऊ होता. त्याचं निळं अंतर्देशीय पत्र आलं की आजी मला हाक मारायच्या आणि मी ते वाचून दाखवायची. पत्र म्हणजे भांडणच असायचं! 'अक्के, तुझं पत्र नाही, मुंबैची हवा लागली काय?' अशी सुरुवात. मग पावसाने कसा दगा दिला, बैल कसा अडेल, सुनेचं लोणचं कसं खारट. आजी पदराआड हसत ऐकायच्या.

एकदा पत्र आलं ते चारच ओळींचं. 'येथे सर्व खुशाल आहे. तुम्ही सर्व सुखी असावे. काळजी करू नये. मुलांना आशीर्वाद.' मी वाचून दाखवलं. आजी गप्प. मग म्हणाल्या, "पोरी, पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. तशा त्या उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, "आजच्या आज गावाला जा. मामा आजारी हाय."

मुलगा म्हणाला, "अगं, खुशाल आहे असं लिहिलंय ना!"

"लिवलंय खरं," आजी म्हणाल्या, "पर ह्यो भांडला न्हाई."

मुलगा गेला. मामा खरोखरच अंथरुणाला खिळलेले होते आणि बहिणीला घोर नको म्हणून त्यांनी तसं लिहिलं होतं. भाचा वेळेवर पोचला, त्यांना साताऱ्याला दवाखान्यात नेलं आणि ते बरे झाले. पुढच्या पत्रात पुन्हा लोणच्याची तक्रार होती. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं ते ती तक्रार ऐकून!

बघा हं, 'खुशाल' हा शब्द पत्रात होता. पण सूर काही वेगळंच सांगत होता. पत्रातल्या शब्दांपेक्षा, नेहमीचे जे शब्द नव्हते, ते आजींनी ऐकले.

आता हीच नजर घेऊन आपल्या ओळखीची पुस्तकं उघडू.

साने गुरुजींची 'श्यामची आई' तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी ती अवघ्या पाच दिवसांत लिहिली. त्यांची आई जाऊन तोवर पंधरा वर्षं उलटली होती. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. आता त्यातला पोहायला शिकण्याचा प्रसंग आठवा. श्याम पाण्याला घाबरून लपतो आणि आई त्याला शिमटीने झोडपते. नुसती घटना सांगितली तर कुणी म्हणेल, केवढी कठोर आई! पण वाचताना तसं वाटतं का? नाही. कारण सांगणाऱ्याच्या सुरात तक्रार नाही, कृतज्ञता आहे. मार तोच, पण सुरामुळे तो माया होऊन आपल्यापर्यंत पोचतो.

आता अगदी वेगळा सूर ऐका. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा घ्या. त्याचं बोलणं तिरकस, खवचट. आपण हसून हसून बेजार होतो. गावात वीज येणार म्हटल्यावरही तो टोमणाच मारतो. उजेड पाडून बघायचं काय, तर आपलं दारिद्र्यच ना, असा त्याचा रोख. इथे हसू ओठांवर येतं आणि तिथेच थबकतं. कारण तेवढ्यात आपल्याला त्या म्हाताऱ्याचं एकटेपण दिसलेलं असतं. सूर विनोदाचा, पण मनात उरणारा भाव करुण! सूर आणि भाव एकच असले पाहिजेत असा काही नियम नाही, ही गंमत इथे कळते.

कधी कधी तर भाव कोणता यावर जाणत्यांचंही एकमत होत नाही. आपल्या आंबिवलीवरून जाणारा लोहमार्ग कसारा, नाशिक, मनमाड करत जळगावच्या पुढे भुसावळला जातो. जळगाव-भुसावळच्या मध्ये भादली नावाचं स्टेशन आहे. तिथेच ५ मे १९१८ रोजी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस! त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता आहे. तीत टेकडीपलीकडचं लहानसं गाव आहे, हिरवी शेतं आहेत, पांढरी पायवाट आहे, काळा डोह आहे आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं औदुंबराचं झाड आहे. बस्स, एवढंच!

कुणाला ती वाचून निवांत, तृप्त वाटतं. कुणाला त्या काळ्या डोहापाशी उदास वाटतं. खरं कोणतं? मी म्हणेन, कवितेतच पुरावा शोधा. गाव आहे, पण माणूस एकही दिसत नाही. गर्दी आहे, पण ती शेतांची. वाट आहे, पण ती डोहाशी जाऊन थांबते. हे उदासपणाचे पुरावे. उलट झाड आरामात बसलेलं आहे आणि पाण्यावरच्या काळेपणालाही कवीने गोड म्हटलं आहे. हे शांतपणाचे पुरावे. दोन्ही भाव एकाच पाण्यात आहेत, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती कविता शिळी होत नाही.

मात्र एक सांभाळा. कवी तरुणपणी गेला, म्हणून त्याची प्रत्येक ओळ दुःखाचीच, असं ठरवू नका. कळीच्या आणि सूर्यकिरणाच्या लग्नाची 'फुलराणी' याच बालकवींची आहे आणि ती कशी अवखळ, हसरी आहे! लेखकाच्या चरित्रातलं दुःख त्याच्या पानावर लादायचं नाही. पान काय म्हणतंय ते आधी ऐकायचं.

परीक्षेत 'या कवितेतून कोणता भाव व्यक्त होतो?' असा प्रश्न येतो. तेव्हा मार्गदर्शकातलं ठरलेलं उत्तर उतरवण्याऐवजी असं करून पाहा. आधी घरी ती कविता मोठ्याने वाचा. आवाज आपोआप कुठे हळू होतो, कुठे चढतो, ते पाहा. मग ज्या शब्दांनी तसं केलं त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. आणि उत्तरात भावाच्या नावापुढे 'कारण' हा शब्द लिहायला विसरू नका. कारण देता आलं की ते उत्तर तुमचं झालं!

पालकांनाही एक विनंती. रोज रात्री दहा मिनिटं मुलांबरोबर एक पान मोठ्याने वाचा. घरातल्या माणसांचे आवाज कानात असले, की पुस्तकातले आवाजही ओळखू येतात.

आणि मित्रांनो, आता अंतर्देशीय पत्रं फारशी कुणी पाठवत नाही. आता मोबाइलवर निरोप येतात, तेही एकेका शब्दाचे. एरवी तुमच्याशी तासभर वाद घालणाऱ्या मित्राकडून एखाद्या दिवशी नुसतंच 'सगळं ठीक' असं आलं, तर पुढच्या कामाला लागण्याआधी ते पुन्यांदा वाचा. आणि वाटलं तर सरळ त्याच्या घरी जाऊन या.