मालाचा दोष की हाताचा?

गाडीच्या काचेवरची फिल्म बिघडली की आधी तिचा रंग पाहावा. स्वस्तातली रंगवलेली फिल्म उन्हाने जांभळी पडते. गोंद हलका असेल तर काचभर फोड येतात. हा मालाचा दोष. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मला मनाई केली, त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गाडीला बेळगावात ती लावून घेतली होती. सहा महिन्यांत कडा सुटल्या. दुकानदार म्हणाला, "माल सरी इल्ल, सर." पण रंग शाबूत, आणि कडेच्या प्रत्येक फुगवट्याच्या पोटात धुळीचा कण! काच नीट न धुता, साबणपाणी रबरी पट्टीने पुरते न निपटता फिल्म दाबलेली. निकाल घसरला की आमच्या शिक्षकखोलीतही ‘पोरंच तशी’ असे ऐकू येते. तेव्हा मी त्या वर्गाच्या तपासलेल्या वह्या मागवून घेतो.