शेपटाकडे जाणारी काडी

बहारीनच्या सीफ भागातल्या एका उंच इमारतीत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर रेडिओवर उडणारं २२० ग्रॅमचं विमान उताणं पडलंय. पोट उघडं, सर्व्होच्या, म्हणजे छोट्या मोटरच्या, तारा बाहेर. साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आलेले एक मेकॅनिकल इंजिनिअर छोट्या डिजिटल काट्यावर सर्व्होपासून शेपटापर्यंत जाणारी पियानो वायर ठेवतात. जाडी ०.८ मिलिमीटर, लांबी ३० सेंटिमीटर, वजन १.१८ ग्रॅम. ती उचलून तेवढ्याच लांबीची, १ मिलिमीटर जाडीची कार्बनची काडी ठेवतात : ०.३८ ग्रॅम.

एवढ्याशा फरकासाठी रात्र जागवायची? त्यांचं उत्तर ठाम आहे : हो. या विमानाचं शेपूट गुरुत्वमध्यापासून ३० सेंटिमीटर मागे आहे आणि नाक १० सेंटिमीटर पुढे. म्हणजे शेपटाशी वाढलेला प्रत्येक ग्रॅम तोल साधायला नाकात ३ ग्रॅम शिसं मागतो. म्हणूनच ते एलेव्हेटरच्या, म्हणजे शेपटाच्या वरखाली हलणाऱ्या झडपेच्या, हॉर्नला धातूचा क्लेव्हिस लावत नाहीत. तारेच्या तुकड्याचं एक टोक पकडीने झेडसारखं वाकवून थेट भोकात ओवतात, दुसरं टोक कार्बनच्या काडीला जोडतात आणि सांध्यावर हीट श्रिंक नळी चढवून पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडतात.

हा नाद त्यांना कॉलेजात लागला, एनसीसीच्या हवाई शाखेत. तिथलं विमान रेडिओवर नव्हे, पोलादी तारांवर उडायचं. मुठीपासून पंखापर्यंत दोन तारा, आत बेलक्रँक, आणि तिथून एलेव्हेटरपर्यंत एक दांडी. तारा फक्त ओढायचं काम करतात, म्हणून त्या कितीही बारीक चालतात. ढकलायचं काम त्या शेवटच्या दांडीवर पडतं. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानातही पंखांना पीळ द्यायला ओढणाऱ्या ताराच होत्या.

ढकलणं वेगळं, हे त्यांना इथे नीट कळलं. बेटाच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या जमिनीवर एका सकाळी विमान सूर मारून खाली आलं. त्यांनी स्टिक मागे ओढली, तरी नाक उठेना. हॉर्न एलेव्हेटरच्या खालच्या बाजूला होता, त्यामुळे वर घ्यायचं तर दांडीने ढकलायला हवं होतं. बारीक तार पोटातल्या पोटात धनुष्यासारखी वाकली आणि सर्व्होचं सगळं बळ त्या बाकात जिरलं. विमान वाळूत घुसलं.

लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेलं गणित इथे लागू पडतं : दांडीची आधाराविना लांबी निम्मी केली की ती वाकण्याआधी चौपट भार सोसते. त्यांनी आता काडीला वाटेत स्ट्रॉच्या तुकड्यांचे दोन आधार चिकटवले आहेत. तीन सारखे भाग पडले, ताकद नऊपट झाली आणि वजन जवळजवळ वाढलंच नाही. जाड तार घालण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. पतंगाची कामटी कागदाला ठिकठिकाणी चिकटवतात, ती तरी दुसरं काय करते?

मग उन्हाळा आला. सीफच्या एसी खोलीत २२ अंश, मैदानावर ४२. घरी एलेव्हेटर पट्टी लावून सरळ केलेला आणि तिथे विमान सारखं नाक खाली घाली. त्यांनी विमान अर्धा तास गॅलरीत ठेवलं आणि मुलीला बघायला सांगितलं. "बाबा, हे खाली झुकलंय," ती म्हणाली. झुकलंच होतं. फोमचं अंग तापून ३० सेंटिमीटरमागे सुमारे ०.४ मिलिमीटर लांबतं, कार्बन जवळजवळ तसूभरही हलत नाही. ८ मिलिमीटरच्या हॉर्नवर एवढी ओढ म्हणजे तब्बल तीन अंश. बाल्साच्या विमानात हा त्रास फारसा होत नाही, कारण ते लाकूड रेषांच्या दिशेने फारच थोडं प्रसरतं. हलकी काडी निवडताना त्यांनी फक्त काट्याकडे पाहिलं होतं, अंगाकडे पाहिलंच नव्हतं. आता ट्रिम ते गॅलरीतच लावतात.

नव्या विमानाच्या रडरसाठी त्यांनी काडीऐवजी, दोन्ही बाजूंनी फक्त ओढायला, केव्हलारचा दोरा घेतलाय. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५मध्ये शोधलेला हा तंतू ताणला तरी लांबत नाही म्हटलं तरी चालेल. दोन्ही बाजूंचे दोरे मिळून एक दशांश ग्रॅमही भरत नाहीत. पण ऊन त्याला मानवत नाही, म्हणून तो पोटाच्या आतून नेलाय. आणि फोम तापला की दोन्ही दोरे एकदम ताणतात, बिजागरी आवळली जाते. म्हणून गाठीसुद्धा त्यांनी भर दुपारी गॅलरीत, घाम पुसत मारल्या आणि त्यांवर सुपरग्लू सोडला.

संध्याकाळी विमान पुन्हा टेबलावर आलं. तासाभराने मुलीने बोट लावून पाहिलं.

"बाबा, दोरा सैल आहे."

"असू दे," ते म्हणाले, "इथं कुठं उडवायचंय आपल्याला?"