चालत जाण्याइतकं जवळ
(तृतीय वर्ष, सिव्हिल)

होस्टेलवर मला सगळे 'उमापूर' म्हणूनच हाक मारतात. "हे कुठं आलं रे?" बीड जिल्हा, तालुका गेवराई. पुढचा प्रश्नही ठरलेला, "तिथं आहे काय?" आता मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. पण किराणा, पिठाची गिरणी, शाळा, मेडिकल, देऊळ, सगळं पायी जाऊन येण्यासारखं आहे.

गावाची फुशारकी मारत नाही. मोठा दवाखाना म्हटलं की गेवराई नाहीतर बीड गाठावं लागतं, आणि एसटी चुकली की दिवस गेला! पण रोजच्या कामाला गाडी लागत नाही, ही केवढी सोय आहे हे मला काकांच्या फ्लॅटवर गेल्यावर कळलं.

काका वाघोलीला राहतात. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. दोन वर्षांपूर्वी आजी गुडघ्याच्या उपचारासाठी तिकडे गेली. गावी ती दळण स्वतः टाकायची, गोळ्या स्वतः आणायची, वाटेत चार ओट्यांवर टेकायची. तिकडे मेडिकल गॅलरीतून दिसतं, पण मध्ये भरधाव गाड्यांचा रस्ता. काका म्हणतात, "आई, तू फक्त सांग, मोबाईलवर मागवतो." सगळं दारात येतं, त्यामुळे आजीला बाहेर पडायला कारणच उरलं नाही. परवा फोनवर म्हणाली, "लेकरा, कमी कशाचीच नाही. पण साधी डोकेदुखीची गोळी आणायची तरी कुणाला तरी म्हणावं लागतंय."

आपल्या शाखेत हा विषय जुनाच आहे. अमेरिकेच्या क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये 'नेबरहुड युनिट'ची कल्पना मांडली. मध्यभागी शाळा, भोवती साधारण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या त्रिज्येत वस्ती, कडेला दुकानं. आणि मोठे रस्ते वस्तीच्या बाहेरून न्यायचे, आतून नाही. आजीचं मेडिकल ४०० मीटरच्या आतच आहे. पहिला नियम पाळला गेला, दुसरा राहिला! नकाशावर कंपास फिरवला तर ही वस्ती पास होईल. आजी मात्र घरातच.

म्हणून मला वाटतं, 'जवळ' म्हणजे किती हे ठरवताना म्हातारं माणूस आणि दहा वर्षांचं पोर तिथं एकटं जाऊन परत येतं का, एवढं पाहावं. त्याला मेट्रो लागत नाही. सलग फुटपाथ, रस्ता ओलांडायला सिग्नल, आणि तळमजल्यावर गिरणीला नि मेडिकलला जागा. उद्या लेआउट आपल्यातलेच कुणीतरी काढणार. पार्किंग तर आपण मोजूच, हेही मोजूया.

आजी सध्या उमापूरला परत जायचं म्हणते. काका म्हणतात, डॉक्टर इथं आहेत. दोघांचंही खरं आहे. गुडघ्याचा डॉक्टर आणि पायी जाण्यासारखी गिरणी एकाच गावात मिळावी, हे काही फार मोठं मागणं नाही.