यादीत काय, विचारल्यावर काय

मेलबॉक्सला, म्हणजे मेलच्या फोल्डरला, नवा गुणधर्म जोडायचा विचार कुणालाही सहज सुचतो. तो प्रोटोकॉलमध्ये कुठून दाखवायचा, यावर मात्र आमची खरी भांडणं होतात. आयमॅप या सर्व्हरवरची मेल वाचायच्या प्रोटोकॉलमध्ये जागा मोजक्या. ‘लिस्ट’ फोल्डरांची यादी देते, ‘स्टेटस’ एकेका फोल्डरचे आकडे सांगते, बाकीचं ‘सिलेक्ट’ करून फोल्डर उघडल्यावर कळतं.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: हे सांगायला सर्व्हरला किती राबावं लागेल? २००३च्या आरएफसी ३५०१ या आयमॅपच्या मानकात ‘लिस्ट’बद्दल एक हिशोब मांडलाय. एका नावामागे एक सेकंद गेला, तर बाराशे नावांची यादी यायला वीस मिनिटं! उद्गारचिन्ह मूळचंच, मानकाच्या रुक्ष गद्यात ते पाहून लिहिणाऱ्याने काय भोगलं असेल याचा अंदाज येतो. म्हणूनच फोल्डरमध्ये नवं काही आलंय का, हे सहज कळत नसेल तर सर्व्हरने ‘मार्क्ड’ही म्हणू नये, ‘अनमार्क्ड’ही नाही. गप्प बसायची ही मुभा मला फार शहाणपणाची वाटते. नव्या गुणधर्मात ती नसेल, तर दमलेला सर्व्हर काहीतरी ठोकून देणार.

पोटफोल्डर आहेत की नाहीत, हे साधं वाटतं. ते यादीतच कळलं नाही, तर झाडातल्या प्रत्येक नावापुढे अधिकचं चिन्ह काढायचं की नाही यासाठी क्लायंटला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. २००२मध्ये त्यासाठी ‘हॅजचिल्ड्रन’ आलं. पण पोटफोल्डर आहेत आणि त्यातला एकही या माणसाला बघायची परवानगी नाही, तर? तेव्हा ‘नाहीत’ असंच सांगावं, असं मानक म्हणतं. म्हणजे हा गुणधर्म नुसत्या फोल्डरचा राहिला नाही, विचारणाऱ्याचाही झाला. मग सगळ्यांसाठी एकच यादी बनवून साठवायचा बेत बारगळतो.

याउलट पाठवलेल्या मेलचा फोल्डर कोणता, हे क्वचित बदलतं आणि सांगायला फुकट. तरीही अनेक क्लायंट नावावरून अंदाज बांधत. एक ‘सेंट’ बनवी, दुसरा ‘सेंट आयटम्स’. कुणी फोल्डरला ‘पाठवलेले’ असं मराठी नाव दिलं, की अंदाज संपलाच. २०११च्या ‘स्पेशल-यूज’ने ही ओळख नावापासून तोडून यादीत आणली. इतकी उघड जागा सापडायला एवढा उशीर का, ते देव जाणे.

न वाचलेल्यांचा आकडा मात्र मिनिटामिनिटाला हलतो. तो ‘स्टेटस’मध्येच शोभतो. पण शंभर फोल्डरांसाठी शंभर वेळा ‘स्टेटस’ विचारणं क्लायंटला नको होतं, म्हणून २०१०मध्ये यादीसोबतच तो मागवायची सोय झाली. मागितला तरच येतो, ही अट महत्त्वाची.

२०१९च्या जेमॅप या नव्या मेल प्रोटोकॉलमध्ये नाव, भूमिका, अधिकार, आकडे सगळं मेलबॉक्स नावाच्या एकाच वस्तूत. वाटावं, जागेचा वाद मिटला. पण बदल कळवताना जुनी वाटणी तिथेही करावी लागलीच: फक्त आकडे हलले असतील तर सर्व्हर तसं सांगू शकतो, आणि क्लायंट तेवढेच पुन्हा आणतो. सर्व्हरला ते ठरवता येत नसेल, तर तिथेही गप्प बसायची मुभा आहे.