जवसाचा सदरा आणि वडिलांचे मुंडासे



बहुरूप्याचे सोंग आपण सर्वांनी पाहिले आहे. बहुरूपी पोटासाठी वेष घेतो आणि आपण पसाभर धान्य घालतो. पण चांगल्या नोकरीची माणसे स्वतःचे पैसे खर्चून पाचशे वर्षांपूर्वीचे कपडे शिवतात, ते घालून दिवसभर उन्हात हिंडतात, अशी जत्रा तुम्ही पाहिली आहे काय? मी पाहिली, आणि तिथे मलाही सोंग घ्यावे लागले. त्याचीच ही हकीकत.

माझी लेक अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहते. रजा काढून सप्टेंबरात तिच्याकडे गेलो होतो. तिथे अ‍ॅनापोलिस शहराजवळ क्राउन्सव्हिल येथे झाडीत एक लाकडी गाव उभे केलेले आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी-रविवारी तिथे ‘रेनेसान्स’ जत्रा भरते. रेनेसान्स म्हणजे युरोपातील प्रबोधनकाळ. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री (राज्यकाल १५०९ ते १५४७) याच्या वेळचे गाव तिथे दाखवतात. मेरीलँडची ही जत्रा १९७७ पासून भरते. अमेरिकेत ही प्रथा मात्र १९६३ साली लॉस एंजेलिसकडे फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने व तिच्या पतीने सुरू केली.

आदल्या रात्री लेक शिवण घेऊन बसली होती. सात वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही राजा व्हा.” लेक म्हणाली, “राजाच्या पोशाखाला मखमल लागते, बाबा. तुमच्यासाठी शेतकऱ्याचा पोशाख केलाय.” खरे सांगतो, मी हिरमुसलो. सातासमुद्रापलीकडे येऊन पुन्हा शेतकरीच!

पण सदरा हाती घेतला आणि चकित झालो. कापड लिननचे होते. लिनन कशाचे होते, ठाऊक आहे? आपल्या जवसाचे! आपण बियांसाठी आणि तेलासाठी जवस पेरतो, ते बुटके व फांद्या फुटणारे. धाग्यासाठीचे वाण उंच व सरळ असते. ते दाट पेरतात, कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग आपण अंबाडी कुजवतो तसे कुजवून, कुटून, विंचरून त्याचे सूत काढतात. हे कापड घाम टिपते आणि धुण्याला टिकते. म्हणून त्या काळी अंगाला लिनन आणि वरून लोकर अशी रीत होती. आतले वारंवार धुवायचे, वरचे क्वचित.

लेकीचा पोशाख तर आपल्या आयाबायांना लगेच कळला असता. आत पायघोळ झगा, वर नाडीने पुढून आवळायची चोळी, कारण कष्टकरी बाईची नाडी मागून बांधायला दासी कुठून येणार? खाली घेरदार घागरा. काम करताना त्याचा ओचा वर खोचायचा. कमरेला चक्क चंची!

आणि डोक्याला लोकरी टोपी. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. हेन्रीची मुलगी एलिझाबेथ राणी असताना १५७१ साली कायदा झाला. सहा वर्षांवरील बहुतेक सामान्य लोकांनी रविवारी व सणाला इंग्लंडात विणलेली लोकरी टोपीच घातली पाहिजे, असा तो होता. टोप्या करणाऱ्यांचा धंदा चालावा हा हेतू. न घालणाऱ्याला दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड, म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची मजुरी. उमराव व बडी माणसे मात्र या कायद्यातून मोकळी! १५९७ साली तो रद्द झाला. म्हणजे माझ्या डोक्यावरची टोपी ही एके काळची गरिबाची खूण होती.

जत्रेत राजे, सरदार, चाचे यांची रेलचेल होती. चिलखत घातलेले स्वार घोडे फेकून भाल्यांची टक्कर घेत होते. मेरीलँडने १९६२ पासून या खेळाला राज्याचा खेळ मानले आहे. लोकरीने मला घाम फुटला होता. एका झाडाखाली एक म्हातारी बाई चातीवर जवसाचे सूत कातत होती. माझा वेष पाहून ती उठली, टोपी न्याहाळली, सदऱ्याची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, “शेतकऱ्याचा पोशाख अगदी नीट केलाय.” तिच्या बोलण्यात फार आदर होता.

मला मात्र त्या क्षणी माझे वडील आठवले.

मी कृषी महाविद्यालयात शिकत असताना ते एकदा भेटायला आले होते. धोतर, बंडी, लाल मुंडासे, खांद्यावर घोंगडी. मित्रांनी विचारले, “कोण रे?” मी म्हणालो, “गावाकडचे आहेत.” बाप म्हणालो नाही. त्यांनी ते ऐकले. दशम्यांची पुरचुंडी माझ्या हाती दिली आणि गेले. पुढे चार वर्षांत ते परत तिथे आले नाहीत. ते गेल्यावर त्यांचे मुंडासे फाडून कणगीच्या तोंडाला बांधले गेले. मीच बांधले.

परक्या देशात पाचशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची शिवण कोणी जपते आणि मी बापाचे डोईवरचे वस्त्र जपले नाही!

परतीच्या वाटेवर नातीने विचारले, “आजोबा, पणजोबा कसली टोपी घालायचे?” मी मुंडाशाचे वर्णन केले. घरी आल्यावर ती लेकीची जुनी साडी घेऊन आली. म्हणाली, “बांधून दाखवा.” मी दोनदा गुंडाळले, दोनदा सुटले. मला येत नव्हते. वडिलांनी शिकवले नाही असे नाही, मीच कधी विचारले नाही.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. घरात म्हातारे असतील तर त्यांच्याकडून मुंडासे किंवा फेटा बांधायला आणि नऊवारीचा काष्टा घालायला या दिवाळीत पोरांना शिकवा. त्यांचा एक जोड उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवा. सोबत कागदावर नाव व साल लिहा. रोज घाला असे मी म्हणत नाही, मी स्वतः शर्ट-पँटच घालतो.

पण कोणी विचारले की हा पोशाख कोणाचा, तर ‘गावाकडच्यांचा’ म्हणू नका. माझ्या बापाचा, म्हणा.