कृत्रिम पानें

आमच्या शिक्षकीच्या छत्तीस वर्षांत 'कृत्रिम' हा शब्द आम्हीं मुलांच्या निबंधांवर तांबड्या शाईनें किती वेळां लिहिला असेल, याची गणती नाहीं. उसनी उपमा दिसली, किंवा पाठ केलेलें सुभाषित नको त्या ठिकाणीं बसविलेलें आढळलें, कीं समासांत 'कृत्रिम' असें लिहून आम्ही मोकळे होत असूं. शब्दाची व्युत्पत्ति आम्हांस ठाऊक नव्हती असें नाहीं. पाणिनीच्या प्रक्रियेप्रमाणें 'कृ' धातूस क्त्रि प्रत्यय लागतो, त्यापुढें मप् येतो, आणि करण्यानें सिद्ध झालेलें तें कृत्रिम, एवढाच अर्थ निघतो; त्यांत निंदेचा लवलेश नाहीं. मनुस्मृतींत सांगितलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांतही एक 'कृत्रिम' पुत्र आहे, आणि तो दायाद मानलेल्या पहिल्या सहांत बसतो. हें सारें दुसऱ्यांस शिकविणाऱ्या आम्हांस त्या शब्दाचा धडा मिळाला तो मात्र साठी उलटल्यावर, आणि तोही माशांच्या एका कांचेच्या पेटीपुढें.

हकीकत अशी घडली. आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांना २०२१ सालीं अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. जन्मभर भरभरून बोलणाऱ्या या गृहस्थापाशीं आतां एकच शब्द शिल्लक राहिला, तो म्हणजे 'छान'. जेवण कसें झालें? 'छान.' झोंप लागली का? 'छान.' पुण्यांतील जुना वाडा पडून त्या जागीं जी इमारत उभी राहिली, तींत आमचें बिऱ्हाड आहे. दादांची खोली उत्तरेकडील. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असल्यामुळें तिच्यांत ऊन कधींच येत नाहीं. त्या भिंतीकडे पाहतांपाहतां त्यांचा दिवस सरूं नये म्हणून नातवानें हट्ट धरला, आणि चिरंजिवांनीं दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच अशी मत्स्यपेटी आणली. पाणी सुमारें पन्नास लिटर. पलंगावरून नीट दिसेल अशा बेतानें ती बसविली. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें; तें आम्हांस लहानपणीं हाताला धरून दाखविलें तें या दादांनींच. तेव्हां ही पेटी म्हणजे आमच्या मतें एका जुन्या ऋणाची फेड होती.

पेटींत झाडें कोणतीं लावावयाचीं, यावर पहिला वाद झाला. सूनबाई रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "बाबा, या खोलींत खरीं झाडं जगायचीं नाहींत. हल्लीं कापडी झाडं मिळतात, तींच लावूं या." आम्ही एकदम उसळलों. दादांच्या डोळ्यांपुढें खोटें झाड? शिवाय आम्हीं नुकतेंच कोठेंसें वाचलें होतें, आणि अर्धवट वाचनाइतका आत्मविश्वास पूर्ण ज्ञानानेंही येत नाहीं. रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या लंडनमधील रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं बारा गॅलन पाण्याच्या भांड्यांत दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेवून असें दाखविलें, कीं माशांनीं सोडलेला कर्बवायु झाडें घेतात व झाडांनीं सोडलेला प्राणवायु माशांस मिळतो. दोघेही एकमेकांच्या आधारानें राहतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास याहून गोड वाटेल असें दुसरें काय असणार? आम्हीं व्याख्यान दिलें, आणि वडीलकीच्या जोरावर जिंकलों. कॅबोम्बा व व्हॅलिस्नेरिया यांच्या जुड्या आणल्या, वाळूंत रोवल्या, सात गप्पी मासे सोडले. दादा पाहत राहिले. "कसें आहे?" "छान."

वॉरिंग्टन आमच्या लक्षांत राहिला, पण त्याच्या आधींचा इंगेनहाऊझ आम्ही विसरलों. पाण्यांतील पानें प्राणवायूचे बुडबुडे सोडतात तीं केवळ उजेडांत. अंधारांत तींही आपल्यासारखाच प्राणवायु ओढून घेतात, हें त्यानें १७७९ सालींच प्रसिद्ध केलें होतें. आणि खुद्द वॉरिंग्टनच्या भांड्यांतही पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां तें कुजकें खाण्यासाठीं त्याला पाणगोगलगाई आणून सोडाव्या लागल्या; कथेचा तो भाग आम्हीं सोयीस्करपणें गाळला होता. तिसऱ्या आठवड्यांत कॅबोम्बाचीं पानें विरघळून त्यांचे दोरे झाले. व्हॅलिस्नेरिया तपकिरी पडली. पाणी दुधाळ झालें. कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो; त्याचें प्रथम नायट्राइट व मग पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु पेटींत वस्तीला येण्यास महिना-दीड महिना लागतो, आणि आमची पेटी तर नवी कोरी. चार दिवसांत पांच मासे गेले. ते दादांच्या डोळ्यांदेखत गेले, हें आमच्या ध्यानांत आलें तें पांचवा मासा जाळीनें काढतांना. आम्हीं अपराध्यासारखें त्यांच्याकडे पाहिलें. ते म्हणाले, "छान," आणि त्यांनीं मान दुसरीकडे वळविली.

उरलेले दोन मासे नातवाच्या मित्राकडे पोंचते झाले. त्या रात्रीं आमच्या कुटुंबानें आम्हांस विचारलें, "तुमचे वरचे दांत कुठल्या झाडाला लागले होते हो? आणि डाव्या डोळ्यांतलं भिंग?" मोतीबिंदु काढून बसविलेल्या त्या भिंगानेंच आम्ही रोज पंचांग वाचतों, हें खरें होतें. आम्ही गप्प बसलों.

पुढील व्यवस्था सूनबाईंच्या हातीं गेली. अंधाऱ्या खोलींतील दादांच्या पेटीसाठीं त्यांनीं एक निळा फायटर मासा आणला. चिरंजिवांनीं उत्साहानें प्लास्टिकचीं स्वस्त झुडपें आणलीं, तीं मात्र चार दिवसांतच बाहेर काढावीं लागलीं; त्यांच्या धारदार कडांनीं माशाची झुपकेदार शेंपटी फाटली. मग सूनबाईंनीं कापडी झाडें आणलीं, आणि प्रत्येक झाडावरून आपल्या तलम ओढणीचें टोंक फिरवून पाहिलें. जेथें धागा अडकतो तेथें पर अडकतो, ही त्यांची परीक्षा. त्यांतून उतरलेलीं झाडें गरम पाण्यानें धुऊन एक दिवस बादलींत बुडवून ठेवलीं, म्हणजे रंग सुटत असेल तर बादलींतच सुटावा. देंठांत उघडी तार असलेलें एक झाड परत केलें, कारण धातु पाण्यांत उतरल्यास माशाला विषच. मासा त्या झाडांत रमला. रात्रीं एका रुंद पानावर अंग टाकून तो झोंपूं लागला. माशाला हवा होता आडोसा व विसावा. पानाचें कुलशील त्यानें विचारलें नाहीं. आमचा पराभव पुरा झाला, आणि आम्हीं तो मोकळ्या मनानें मान्य केला.

परंतु गोष्ट येथें संपती, तर ती सांगण्याचें कारण नव्हतें.

सहा महिने गेले. पानें जशीं पहिल्या दिवशीं तशींच हिरवीगार. आलेगेले पाहुणे कौतुक करीत. आरंभीं दर रविवारीं पाणी बदलण्याचा नेम होता. तो पंधरवड्यावर गेला, मग महिन्यावर, आणि मग प्रत्येकाला वाटूं लागलें कीं दुसऱ्या कोणीं तरी बदललें असेल. एकत्र कुटुंबाचा हा दोष वाचकांस नवीन नसेल. एके दिवशीं दादा डाव्या हातानें पेटीकडे बोट करून पुनः पुनः "छान, छान" म्हणूं लागले. आम्ही म्हणालों, "होय, छान आहे," आणि वर्तमानपत्र वाचूं लागलों. सायंकाळीं नातवानें पाहिलें, तों मासा पर मिटून तळाशीं पडला होता व शेंपटीच्या कडा झिजून काळवंडल्या होत्या. सूनबाईंनीं थेंबांची परीक्षा केली. पाणी दिसण्यांत स्वच्छ, पण नायट्रेटनें भरलेलें. त्यांनीं तेंच पाणी दोन दिवस थोडें थोडें बदलीत नेलें, आणि मासा वांचला. काम करतांकरतां त्या सहज म्हणाल्या, "पानं हिरवीं होतीं ना, म्हणून आपण पाणी पाहिलंच नाहीं."

तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. खरें झाड पाण्यांतील मळ शोषून घेतें, आणि जेथें त्याचा इलाज चालत नाहीं तेथें निदान पिवळें पडून घरच्यांस कळवितें. कृत्रिम झाड हीं दोन्ही कामें करीत नाहीं. तो त्याचा दोष नव्हे. पण तीं कामें मग माणसाच्या अंगावर येतात, आणि माणूस हिरव्या पानांकडे पाहून तीं विसरतो. हा विचार करीत आम्ही रात्रीं दादांच्या उशाशीं बसलों होतों. संवयीनें विचारलें, "दादा, बरें आहे ना?" "छान," ते म्हणाले. आणि एकाएकीं आमच्या अंगावर कांटा आला. चिरंजिवांना हांक मारली, दोघांनीं मिळून दादांना कुशीवर वळविलें, दिवा जवळ घेतला. माकडहाडावर रुपयाएवढा शय्याव्रण होता. अंग पुसावयास येणारा माणूस रोज येत होता, आम्ही रोज विचारीत होतों, आणि रोज उत्तर मिळत होतें. पाठ मात्र कोणींच पाहिली नव्हती. सकाळचें तें बोट माशासाठीं होतें कीं स्वतःसाठीं, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

व्रण बरा होण्यास तीन महिने लागले. दर दोन तासांनीं कूस बदलण्याच्या पाळ्या लावल्या. वयोमानानें आमची पाळी पहांटेची. भिंतीवरील दिनदर्शिकेंत रविवारच्या चौकोनांत दोन खुणा असतात, एक पाण्याची व एक पाठीची, आणि ज्यानें काम केलें त्यानें आपलें आद्याक्षर लिहावयाचें. ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांच्या उपयोगी पडावें म्हणून पाण्याचा नेमही सांगून ठेवतों. दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावें. नळाचें पाणी क्लोरीन काढल्यावांचून घालूं नये. गाळणीचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यांतच पिळावा, म्हणजे त्यांतील उपकारक जंतु मरत नाहींत. कापडी पानांवरील शेवाळ जुन्या दांतघासणीनें, साबणावांचून काढावें. आणि दिवा सहा ते आठ तासांहून अधिक ठेवूं नये. खरें झाड लावावयाचें असेल, तर आपल्या खोलींत उजेड किती व आपल्या अंगीं चिकाटी किती, हें आधीं मोजावें.

गेल्या महिन्यांत नातवानें जावा फर्नचा एक तुकडा आणला. हें झाड मंद उजेडांत तग धरतें. तें वाळूंत पुरावयाचें नसतें, दगडाला दोऱ्यानें बांधावयाचें असतें. कापडी झाडांच्या मधोमध तो दगड ठेवला. आम्हीं या खेपेस व्याख्यान दिलें नाहीं. परवां रविवारीं पाणी बदलतांना पाहिलें, तों त्याला वळलेलें, पोपटी असें बोटाएवढें नवें पान आलें होतें. दादांना दाखविलें. त्यांनीं बराच वेळ पाहिलें.

"छान," ते म्हणाले.

आम्हीं हात पुसले, चिरंजिवांना हांक मारली, आणि दादांना कुशीवर वळवून त्यांची पाठ पाहिली.