तारेतला भुंगा

शहरातल्या माणसाची अशी एक भाबडी समजूत असते, की गोंगाट काय तो शहरात आणि शांतता काय ती खेड्यात. मोटारींचे भोंगे मागे टाकून आपण चार दिवस गावाकडे गेलो की कान निवतात, हे खरेच आहे. पण ज्या ज्या गावात वीज पोचली, तिथे तिच्या पाठोपाठ एक बारीक गुणगुणही पोचली. नुसत्या कानाला ती कळत नाही. ती ऐकायला तांब्याच्या तारेचे वेटोळे लागते. यंदा माघात ही गुणगुण मी मनसोक्त ऐकली ती हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याला, माझ्या बहिणीच्या घरी.

डोंगरकडा म्हटले की आमच्या दादरच्या शेजाऱ्यांना सह्याद्रीतला एखादा बिकट गड आठवतो, आणि ते बुटांची चौकशी करू लागतात. गाव आहे मराठवाड्यात, कळमनुरी तालुक्यात. मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघावे, सकाळी नांदेडला उतरावे आणि अर्धापूरवरून हिंगोलीकडे जाणारी एस. टी. धरावी. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की हळदीचा मुलूख लागतो. जवळच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या दिवसांत जिकडे तिकडे हळद काढणे, शिजवणे आणि वाळवणे चालू असते. त्या वाफेचा ओला, मातकट वास अंगावरच्या कपड्यांत असा मुरतो, की घरी परतल्यावर बायको विचारते, "कुणाच्या लग्नाला गेला होतात?"

ताईच्या घरी पाऊल टाकले, हातपाय धुतले, चहा झाला, आणि भाच्याने विषय काढला. "मामा, तुम्ही रेडिओवाले. एवढा भुंगा काढून द्या."

माझा सारा जन्म रेडिओ आणि ध्वनिक्षेपक दुरुस्त करण्यात गेला. तेव्हा घरचे लोक मला पाहुणा कमी आणि कारागीर जास्त समजतात, त्याचे मला नवल वाटत नाही. भाच्याने हळदीच्या हंगामात मजुरी करून पैसे साठवले आणि एक जुनी विजेवरची गिटार घेतली. तिच्यावर एकेरी वेटोळ्याचे, म्हणजे सिंगल कॉइलचे, तीन पिकअप. तार छेडली की काशाच्या वाटीवर चमचा वाजावा तसा स्वच्छ, टणत्कारी सूर. पण हात थांबला की मागे अखंड "घुंऽऽ". घरात आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, पण जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ. आजीचा दम आता पूर्वीसारखा पुरत नाही. तो पुरतो आहे तोवर तिचा आवाज गिटारीच्या साथीने उतरवून ठेवायचा, असे पोराच्या मनात होते. चार वेळा प्रयत्न झाला, आणि चारही वेळा ओवीच्या मागे भुंगा. आजीने तर सांगूनच टाकले, "तुझ्या यंत्रात भुंगा शिरलाय रे बाबा. त्याला आधी काढ, मग मला गायला बसव."

परदेशी बनावटीचे बिनआवाजी पिकअप मागवावेत, असा भाच्याचा विचार चालला होता. त्यांची किंमत गिटारीच्या किमतीहून जास्त होती. त्याहून मोठी धास्ती अशी, की भुंग्याबरोबर तो काशाचा सूरही गेला तर?

वाचकहो, ही धास्ती खोटी नाही. पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहूनही बारीक तारेचे सात-आठ हजार फेरे. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की वेटोळ्यात इवलीशी वीज उपजते, आणि तीच पुढे मोठी करून आपण ऐकतो. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत हावाईयन गिटारीवर हा प्रयोग यशस्वी झाला. ते वाद्य दिसायला तव्यासारखे, म्हणून लोकांनी त्याला 'तवा'च म्हटले. पुढे कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली आणि तीन एकेरी वेटोळ्यांचा तो टणत्कार जगभर नेला. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! हे वाचले तेव्हापासून मी धंद्याचा अभिमान जरा मोठ्याने बाळगतो.

पण वेटोळ्याला आपपर भाव नाही. भिंतीतल्या तारा, ट्रान्स्फॉर्मर, पंख्याची मोटार यांच्यातून आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. तिचे चुंबकीय हेलकावे वेटोळे तितक्याच निष्ठेने टिपते. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दुहेरी वेटोळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन वेटोळी उलटसुलट जोडायची आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते, तारेचा सूर मात्र दुणावतो. युक्ती नामी, पण दोन वेटोळी तारेला दोन ठिकाणी ऐकतात, म्हणून सूर भरदार होतो आणि त्याची धार बोथटते. पुढे कारागिरांनी एकावर एक वेटोळी रचून दिसायला एकेरी, पण बिनआवाजी पिकअप केले. त्यांतले चांगले पिकअप जुन्या सुराच्या फार जवळ जातात. तरी जाणत्या कानाला थोडा फरक उरतोच.

गावात बेंजोवाला एक जण होता. आपल्या वरातीतला बेंजो म्हणजे जपानी ताइशोगोतोचा वंशज. तो १९१२ साली नागोयात जन्मला आणि आपल्याकडे बुलबुलतरंग झाला. त्याच्यावरही असेच वेटोळे बसवलेले. मी त्याला भुंग्याचे विचारले. तो हसून म्हणाला, "ढोल चालू असला की कुणाला ऐकू येतो? ढोल थांबला की मी जनरेटरकडं पाठ करतो." शाळा न पाहता विज्ञान शिकलेला माणूस! वेटोळ्याचे तोंड फिरवले की गुणगुण खरोखरच घटते.

मग आम्ही कामाला लागलो. आधी घराचे अर्थिंग पाहिले. खड्डा कोरडा ठणठणीत. कोळसा-मीठ घालून पाणी ओतले, वायरमनला बोलावून जोडणी तपासून घेतली. गिटारीच्या पोटात तांब्याचा पत्रा लावला. चरचर गेली, पण घुंऽ राहिली; कारण पत्रा चुंबकीय हेलकाव्यांना अडवू शकत नाही. भाच्याचा गच्चीवरच्या रियाजाचा बॅटरीचा छोटा अँप्लिफायर लावून पाहिला, तरी भुंगा हजर. म्हणजे दोष यंत्रात नव्हता, घरातच होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डीपीवरचा फ्यूज गेला आणि सारी गल्ली अंधारली. दाजी महावितरणच्या नावाने काही बोलणार, इतक्यात भाच्याने बॅटरीच्या अँप्लिफायरवर एक तार छेडली. सूर उमटला, लांबला, विरला, आणि मागे काहीच उरले नाही. अंधारात तो माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, गेला!"

"इन्व्हर्टर लावू नका!" असे मी ओरडलो, ते आयुष्यात पहिल्यांदाच. आजीला ओट्यावर बसवले, समोर मोबाइल ठेवला. तिने जात्याच्या खुंट्यावर हात ठेवावा तसा हात हवेत धरला आणि ओवी सुरू केली. मधे एकदा दम तुटला, तेव्हा भाच्याने तेवढी जागा एका सुराने धरून ठेवली. पाऊण तासाने दिवे आले, तोवर अकरा ओव्या झाल्या होत्या. मागे कुत्र्याचे भुंकणे आहे, ताईच्या बांगड्या आहेत, भुंगा नाही.

ज्यांच्या घरी अशी गिटार आहे त्यांना माझे सांगणे एवढेच: पैसे खर्चण्याआधी अर्थिंग पाहा, पंख्याचे रेग्युलेटर बंद करा, बसायची दिशा बदला. मांडवात दिव्यांच्या माळांखाली वाजवायचे असेल तर बिनआवाजी पिकअप जरूर घ्या. तिथे तेच हवेत. भाचाही लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी पुढच्या हळदीनंतर घेणार आहे. मात्र जुने तीन काढून ठेवताना डब्यावर आजीचे नाव लिही, असे मी त्याला बजावून आलो आहे.